दहा मीटर एअर रायफल: प्रेशर वाढवू का?

गाडीवाला_कोल्हापूर:
मंडळी, स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य घेतल्यापासून डोक्यात किडा होता, शेवटी जुनी पीसीपी (आधीच सिलिंडरमध्ये भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल घेतली. पण छर्रे रुपयाच्या नाण्याएवढे पसरतात. मूळ नाद गाड्यांचा, इंजिनाचं सेटिंग बदलून ताकद वाढवणारा (रिमॅप) माणूस मी, हात शिवशिवतायत. प्रेशर वाढवून वेग चढवू का?

रेंजकाका:
अजिबात नको! आधी एक, कुसाळेचं पदक ५० मीटरचं, ती पॉइंट टूटू, म्हणजे ०.२२ इंची दारूच्या गोळीची, परवान्याची. तुझी ४.५ मिमी. मॅच रायफल मुद्दामच सेकंदाला १७०-१७५ मीटरवर बांधलेली असते. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याला जेमतेम ८ ज्यूल मिळतात. विनापरवाना मर्यादा २० ज्यूल, म्हणजे कायद्यात जागा आहे, पण कागदाला भोक पाडायला ताकद हवीय कुणाला? दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे प्रत्येक छर्रा सारख्याच वेगानं सुटला पाहिजे. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धर (नळी आवळू नकोस, बाबा) आणि सपाट तोंडाचे छर्रे ४.४९ आणि ४.५० अशा दोन्ही मापांत मारून बघ. सगळी भोकं जवळजवळ पडली तर रायफल ठणठणीत, दोष तुझ्या खांद्यात.

सांगलीकर:
सिलिंडरवरची तारीख बघा. दहा वर्षं उलटली की स्पर्धेत चालत नाही.

गाडीवाला_कोल्हापूर:
२०१३ निघाली. नवं सिलिंडर आधी. काका, ४.४९चे सुटे कुठे मिळतील?

रेंजकाका:
सुटे नको, एकाच लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला डबा घे.