सेलर मून: दोनशे भाग की आमटीत घातलेलं पाणी?

नाकतोडा

गेले तीन महिने भाचीबरोबर 'सेलर मून' बघतोय. १९९२ची, तोएई या जपानी स्टुडिओची जुनी ॲनिमेशन मालिका. २०१४ची 'क्रिस्टल' नव्हे. भाची अकरा वर्षांची, मी चाळिशीचा. तिच्या आईच्या मते दोघांची अक्कल सारखीच. परवा चाळिसावा भाग संपला आणि आता राहवत नाही म्हणून हा धागा.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: तोक्योच्या अझाबू-जुबान भागात राहणारी उसागी त्सुकिनो, वय १४, अभ्यासात ढ, सकाळी उठायचा कंटाळा, जरा काही झालं की भोकाड. कपाळावर चंद्रकोर असलेली एक बोलकी काळी मांजर तिला एक ब्रूच देते आणि ही पोरगी 'चंद्राच्या वतीने तुला शिक्षा करते' म्हणत राक्षस मारायला लागते. पुढे आणखी चौघी येऊन मिळतात: बुध, मंगळ, गुरू, शुक्र.

माझं म्हणणं साधं आहे. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवत गेलेत. पहिल्या सीझनचे ४६ भाग आहेत, त्यातली खरी गोष्ट दहा-बारांत बसते. बाकी सगळं साच्यातलं. आज ज्योतिषाचं दुकान, उद्या वजन उतरवायची व्यायामशाळा, परवा घड्याळांचं दुकान. लोकांची शक्ती शोषली जाते, उसागी तिथे धडपडते, रडते, कुठून तरी एक गुलाब येऊन जमिनीत रुततो, टक्सिडो मास्क नावाचा मुखवटेवाला तरुण दोन वाक्यं फेकून पळतो, ही डोक्यावरची टियारा भिरकावते, राक्षस खल्लास. आणि दर भागात तेच रूपांतर: त्याच फिती, तेच हातमोजे, तेच बूट, तेच संगीत. मी रिमोट उचलला की भाची माझं मनगट धरते.

पाच सीझन मिळून २०० भाग (४६, ४३, ३८, ३९, ३४, बेरीज करून बघा). गाळायच्या भागांची यादी करायला घेतली आहे. माझ्या हिशेबाने ६० भागांत काम होईल. मला चूक ठरवायचं असेल तर मुद्द्याने ठरवा. 'आमच्या लहानपणी' चालणार नाही.

दुपारचा_चहा

सहमत. फक्त दोष कुणाचा ते नीट सांगू या, कारण लेखिका बिचारी यात भरडली गेली आहे.

नाओको ताकेउचीची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) 'नाकायोशी' मासिकात सुरू झाली १९९२च्या फेब्रुवारी अंकापासून. तो अंक वाचकांच्या हातात पडला डिसेंबर १९९१च्या अखेरीस. टीव्हीवर पहिला भाग आला ७ मार्च १९९२ला. म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं अंतर. आता गणित करा: मांगाचं महिन्याला एक प्रकरण, टीव्हीचा आठवड्याला एक भाग. तिने एक घास शिजवायचा आणि यांनी चार पानं वाढायची. पाणी पडणारच.

रूपांतराचंही तेच. एकदा झकास चित्रं काढायची, जपून ठेवायची आणि दर भागात वापरायची. जपानी ॲनिमेशनवाले याला 'बँक'च म्हणतात. दर आठवड्याला वीस-बावीस मिनिटं हाताने काढून रंगवायची, तर त्यातलं पाऊण-एक मिनिट फुकटात मिळालेलं कोणाला नको?

आणि पाच रंगांच्या पाच जणी, दर आठवड्याला एक राक्षस, हा साचाही उसना. १९७५पासून तोएईच खऱ्या नटांना घेऊन 'सेंताई' मालिका काढत होती, रंगीत मुखवट्यातली पाच जणांची टोळी. तोच साचा मुलींना दिला. त्यात बांदाई कंपनीची खेळणी. नवा सीझन आला की उसागीचं ब्रूच नवं, कांडी नवी. हिचं प्रेम युगानुयुगांचं असेल, कांडी मात्र वर्षभरात जुनी होते.

रिकामटेकडी

नाकतोडा, दहा-बारा भागांची गोष्ट म्हणताय त्यात नारू आणि नेफ्राइट धरलेत का? खरं सांगा.

नसतील धरले, कारण मूळ कथेच्या हिशेबात ते 'पाणी'च आहे. मांगात हे प्रेमप्रकरण नाहीच. मांगाच्या पुढे पळून जायचं नव्हतं म्हणून टीव्हीवाल्यांनी घातलेली भर. आणि मला पहिल्या सीझनमधलं एकच काहीतरी ठेवायला सांगितलं तर मी तेच ठेवेन.

चोविसावा भाग. नेफ्राइट हा शत्रूचा सेनापती. उसागीच्या वर्गातल्या नारूला त्याने गोड बोलून नुसतं वापरलंय, आणि ती पोर त्याच्यात गुंतली आहे. शेवटी तिला वाचवताना त्याला एक काटा लागतो, शक्ती शोषून घेणारा. नारू तो दोन्ही हातांनी ओढायला लागते. हात लावला की तिलाही झटके बसतात, तरी सोडत नाही. त्याच्याआधी तिने त्याला चॉकलेट पार्फे खायला चल म्हटलेलं असतं. मरताना तो म्हणतो की शेवटपर्यंत मी तुझ्याशी खोटंच बोललो, पार्फे खायला जाणं काही जमणार नाही. राक्षसांची टोळी, चंद्राचं राज्य, स्फटिक वगैरे सगळं बाजूला, आणि मधोमध काचेच्या ग्लासातलं एक आइस्क्रीम.

मुलांच्या कार्यक्रमात, शनिवारी संध्याकाळी सातला. आणि सेलर मून तिथे उभी असूनही काही करू शकत नाही.

हा प्रसंग लागतो कारण त्याआधीच्या वीसेक भागांत नारू नुसती 'मैत्रीण' म्हणून इकडेतिकडे दिसत राहते. दुकानात जाते, गप्पा मारते, बळी पडते, वाचते. ते भाग गाळा आणि मग चोविसावा बघा. कोण ही नारू, असंच वाटेल.

नाकतोडा

चोविसाव्यावर मी डोळे पुसले आहेत, लिहायला लाज नाही. पण एका चांगल्या फोडीसाठी अख्खं कलिंगड पांढरं खायचं का?

पिठलंभाकरी

चहावाल्यांचं गणित बरोबर, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटला नाही. पैसे वाचवायला केलं म्हणून ते फक्त पैसे वाचवणंच ठरतं? आमच्याकडे गणपतीत दहा दिवस त्याच आरत्या, त्याच क्रमाने, 'लवथवती'च्या त्याच ओळीला सगळे अडखळतात. अकराव्या दिवशी कोणी म्हणत नाही की नवीन काही नव्हतं, दीड दिवसातच आटोपायला हवं होतं.

रूपांतर ही त्या मालिकेतली आरती आहे. पोरं ते बघत नाहीत, त्यात भाग घेतात. भाची मनगट का धरते, विचारलंत का तिला? आमची धाकटी पलंगावर उभी राहून हात वर करून गोल फिरायची आणि ब्रूच म्हणून माझ्या साडीपिनेचा बळी जायचा. (कांडी म्हणजे लाटणं. बांदाईला आमच्याकडून एक रुपया मिळालेला नाही.)

शिवाय यांच्याआधी जादूवाल्या मुली नव्हत्या असं नाही. १९६६ची 'सॅली' तोएईचीच. पण तिची जादू घरात, शाळेत, गमतीजमतीत. उसागीच्या पिढीने ती जादू घेऊन लढाई केली. एवढी मोठी उडी चौदा वर्षांच्या रडूबाईने मारायची, तर दर वेळी तिच्या अंगावर ते कपडे चढताना बघणं मला गरजेचं वाटतं.

नाकतोडा

आरतीत समोर देव असतो हो. इथे समोर जाहिरात.

आणि 'रडूबाई'चा विषय काढलातच म्हणून: चाळीस भाग झाले, ती काडीची सुधारत नाही. पहिल्या भागात इंग्रजीत ३० गुण, कागदाचा बोळा करून मागे फेकते आणि तो नेमका मामोरू नावाच्या तरुणाच्या डोक्यावर. आज चाळिसाव्या भागातही गुण तेच असतील. नायिका वाढायला नको?

पिठलंभाकरी

त्याच पहिल्या भागात ती जिंकते कशी, ते विसरलात. रडून! ती इतक्या जोरात रडते की तो आवाज तिच्या केसांच्या गुंडाळ्यांतून मोठा होऊन अंगावर येणाऱ्या बायका कान धरून पडतात. रडणं हा तिचा दोष म्हणून नाहीच दाखवलेला. तुम्हाला ती सुधारायला हवी आहे, मालिकेला नको आहे. भांडण तिथे आहे.

शब्दखडा

थोडं अवांतर. 'त्सुकिनो उसागी' हे नावच मुळी कोटी आहे: 'त्सुकी नो उसागी' म्हणजे चंद्रावरचा ससा. आपण चंद्राला शशी, शशांक म्हणतो ते त्याच सशापायी. जातककथेत भुकेल्या ब्राह्मणाला द्यायला काहीच नाही म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो आणि शक्र (म्हणजे इंद्र) त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. ही कथा बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत गेली, तिथल्या जुन्या 'कोंजाकु' कथासंग्रहात आहे. आता पहिल्या सीझनच्या शेवटी उसागी काय करते ते बघा (नाकतोडांनी अजून बघितलं नाही म्हणून सांगत नाही) आणि ससा आठवा.

दुपारचा_चहा

शब्दखडा, कथा तिकडे गेली हे खरं. पण तिथला ससा चंद्रावर उखळात मोची (भाताचा चिकट गोळा) कुटतो. जपानी पोरांना हे नाव ऐकून मोची आठवते, जातक नव्हे. ताकेउचीने उसागीच्या आईवडिलांना आणि भावाला स्वतःच्या घरच्यांची नावं दिली आहेत. नावं ठेवायची तिची पद्धत ही अशी घरगुती. उगाच सगळ्याचं मूळ आपल्या अंगणात शोधू नका.

शब्दखडा

मूळ अंगणात आहे असं म्हटलंच नाही. ससा दोन्हीकडे आहे एवढंच म्हटलं. मोची कुटा नाहीतर आगीत उडी घ्या.

माळ्यावरची_ट्रंक

नाकतोडा, तुमची यादी अमेरिकेत १९९५लाच करून झाली आहे. मी ती भोगली आहे.

मी कॉलेजात असताना ही मालिका पहिल्यांदा बघितली ती इंग्रजीत, कोणाच्या तरी सीडींवर. पहिल्या दोन सीझनचे मूळ ८९ भाग, इंग्रजीवाल्यांनी ८२ केले. 'हे काय, यात काही घडत नाही' म्हणून काही भाग गाळले, आणि एकदा कात्री हातात आली की ती थांबत नाही. ४५ आणि ४६ हे शेवटचे दोन भाग कापून त्यांचा एक केला. त्यात जे काही होतं (तुम्ही बघाल तेव्हा कळेल) ते बदलून पोरी कुठेतरी कैदेत आहेत असं सांगितलं. झोइसाइट आणि कुन्झाइट या दोन पुरुषांचं प्रेम आहे म्हणून झोइसाइटला बाई केलं. तिसरा सीझन २०००मध्ये दुसऱ्या कंपनीने केला, तिथे हारुका-मिचिरू या एकमेकींच्या प्रेमात असलेल्या दोघींना 'चुलत बहिणी' करून टाकलं. आणि त्या एकमेकींकडे ज्या नजरेने बघतात ते गाळलंच नाही! बघणाऱ्याने काय समजायचं?

वर प्रत्येक भागाच्या शेवटी उपदेशाचा डोस, नीट जेवा, मोठ्यांचं ऐका.

मी मूळ जपानी भाग बघितले ते बऱ्याच वर्षांनी. तेव्हा कळलं की माझी सेलर मून म्हणजे हाडं काढून दिलेला मासा होता. खायला सोपा, चव गेलेली.

नाकतोडा

हे बरोबर नाही. मी कोणाला बाई करत नाहीये की कोणाला बहीण. मी घड्याळाचं दुकान गाळतोय.

माळ्यावरची_ट्रंक

त्यांनीही सुरुवात बिनमहत्त्वाच्या भागांपासूनच केली होती.

गच्चीवरून

सगळ्यांना एकदम उत्तर: पहिला, तिसरा सीझन पूर्ण बघा. दुसऱ्यातलं मन मानेल ते. चौथा, म्हणजे 'सुपरएस', त्याचे ३९ भाग निर्धास्त गाळा. स्वप्नात पेगॅसस हा पंखवाला घोडा, पेगॅससच्या स्वप्नात चिबिउसा ही छोटी पोरगी, आणि बाकीच्या चौघी दाराशी उभ्या. दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा मला आवडतो, तिसऱ्यात त्याने कमाल केली आहे, पण इथे त्यालाही पेंग आली असावी.

रिकामटेकडी

गच्चीवरून, फिश आय या खलपात्राचा भाग सोडून बोललात तर ठीक. बाकी सुपरएसबद्दल मी भांडणार नाही, दमले.

नाकतोडा, एक सूचना: ४४व्या भागापासून उसागीचा आवाज वेगळा वाटेल. टीव्हीवर शंका घेऊ नका. कोतोनो मित्सुइशी आजारी पडली म्हणून काही भाग काए अराकीने आवाज दिला होता.

नाकतोडा

रविवारी ४४, ४५, ४६ सलग बघितले. खालचं वाचू नका ज्यांना बघायचं आहे त्यांनी.

४५ मध्ये उत्तर ध्रुवावर त्या चौघी एकामागून एक मरतात. आधी माकोतो. मला वाटलं, उठेल. मग आमी. तोवर भाचीने चिवड्याची वाटी खाली ठेवली. मग मिनाको, मग रेई. उसागी परत जाऊ या म्हणून रडते आणि या वेळी तिच्या रडण्याने कोणी कान धरून पडत नाही. (पिठलंभाकरी, हे तुमच्या खात्यात जमा.)

४६ संपतो तेव्हा सगळ्या जिवंत, पण कोणाला काही आठवत नाही. उसागी पुन्हा साधी शाळकरी पोरगी. मी म्हटलं, बघ, छेचाळीस भाग आणि आलो तिथेच. भाची म्हणाली, "हो ना! म्हणजे आता परत सगळ्या पहिल्यापासून भेटणार!" आणि तिला याचा कोण आनंद.

यादी अजून मागे घेतलेली नाही. फक्त ६०चे १४० झालेत. घड्याळाचं दुकान बाहेरच. सुपरएसही.

पिठलंभाकरी

आणि रूपांतर?

नाकतोडा

रिमोट भाचीकडे आहे.