पोरगा एका जागी बसतच नाही, काय करू?

डिचोलीची_आई:
नमस्कार, मुलगा चार वर्षांचा, बालवाडीत जातो. परवा बाई म्हणाल्या पाच मिनिटं पण बसत नाही, अ आ गिरवायला दिलं की उठून खिडकीकडे. घरी मात्र मोबाईल दिला की तासभर हलत नाही, म्हणजे एकाग्रता आहेच ना? सासूबाई म्हणतात धाक लावा, नवरा म्हणतो ट्यूशन लावूया. चार वर्षांच्या पोराला ट्यूशन!! कुणी सांगाल का?

फोंडेकर:
ट्यूशन बिलकूल नको. आमची पण अशीच होती, आता पहिलीत बसते बऱ्यापैकी. मोबाईल तेवढा कमी करा. डब्ल्यूएचओनेच 2019 मध्ये सांगितलंय, या वयाला दिवसाला 1 तासाच्या वर स्क्रीन नको, कमी तेवढी बरी.

सांखळीची_बालवाडीबाई:
मोबाईलवर बसतो ती एकाग्रता नव्हे गे. तिथे चित्रच सारखं बदलत राहतं, पोराला स्वतःहून लक्ष धरून ठेवावंच लागत नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंनी 1907 मध्ये रोमला बालगृह काढलं, तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांत बसवत होती, काढायची, परत बसवायची. बाईंनी बाकीच्या पोरांना गायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी हिचं चालूच! 44 वेळा केलं आणि मग आपणच थांबली. कुणी बस म्हटलं नव्हतं तिला.

घरी सुपात आळसांदे (चवळी गे) नि कुळीथ मिसळून दे, दोन वाट्या दे, वेगळे करू दे. (नाकात घालणारा असेल तर जवळ बस हो.) माझा नातू जीभ बाहेर काढून एकेक कुळीथ चिमटीत धरतो, सुटला की परत धरतो, तीच चिमूट पुढे पेन्सिल धरायला लागते. गिरवण्याची घाई कशाला, नव्या शैक्षणिक धोरणात पण 3 ते 8 वर्षं खेळातूनच शिकवायचं म्हटलंय. आणि मध्येच "शाब्बास" नको, फोटो तर नकोच!! तिथेच तुटतं सगळं.

म्हापश्याचो_पात्रांव:
बाई, बालवाडीत तीस पोरं, तिथे कोण कुळीथ निवडत बसणार 😄 आणि घरी जेवण वाढलं तरी हाक मारायची नाही का?

सांखळीची_बालवाडीबाई:
मार की हाक, पण आधी सांग, "एवढे झाले की ये." आणि तीस पोरांचं म्हणशील तर सगळ्यांना एकदम एकच काम दिलं की गोंधळ होणारच, चार कोपऱ्यांत चार कामं ठेवली की निम्मी पोरं आपोआप गुंततात, मी वर्षानुवर्षं तेच केलं.

डिचोलीची_आई:
आज संध्याकाळीच सूप काढते. सासूबाईंना मध्ये बोलू नका म्हणून कसं सांगायचं ते पण कुणीतरी सांगा 🙏

सांखळीची_बालवाडीबाई:
त्यांनाच दुसरं सूप दे, तांदूळ निवडायला.