अनुभव धागा: पहिल्यांदा घरमालक झालात तेव्हा काय शिकलात?

पाऊलवाट
काल कपाट आवरताना चाव्यांचं एक जुडगं सापडलं. त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बारीक अक्षरात, 'मागचं दार जरा वर उचलून उघडावं.' माझ्या पहिल्या भाडेकरूंनी जाताना पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं होतं. बघून पोटात कालवलं. त्याच दिवशी मी त्यांचं अर्धं डिपॉझिट कापलं होतं.

आतल्या खोलीच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, खाली लोणा लागलेला. मला वाटलं, खिडक्या लावून आत कपडे वाळवले असणार. "ताई, आम्ही दोनदा सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाले ते. मी भिंत पुन्हा रंगवून घेतली. 3 महिन्यांत डाग परत तिथेच, आणि घर तर रिकामं! भिंतीपलीकडे बाथरूम, आतला पाइप सांध्यात झिरपत होता. त्यांना शोधून पैसे परत केले, पण तोवर नव्या घराच्या डिपॉझिटसाठी त्यांनी उसने घेतले होते. अजून टोचतं.

घर ताब्यात देताना ना फोटो काढले होते, ना सामानाची यादी. नवीन लोकांना उपयोग होईल, तुम्हीही लिहा.

रानवारा
पैसे परत केलेस हे मोठं आहे. बहुतेक जण करत नाहीत.

गणपुले_मास्तर
रिकाम्या घराचा हिशोब आधी शिका. भाडं महिना 100 धरा. वर्षाचे 1200. एक महिना रिकामं गेलं की 1100. चांगला भाडेकरू 95 वर राहत असेल तर 1140 मिळतात. मी 5 साठी अडून बसलो, ते गेले, घर 4 महिने पडून राहिलं आणि कर्जाचा हप्ता एकही महिना थांबला नाही. वर नवीन रंग आणि एजंटची दलाली. आता घेतानाच 11 महिन्यांचं भाडं धरतो, त्यातून कर, दुरुस्ती, विमा वजा करतो आणि मगच हप्त्याशी ताडून बघतो.

अबोली
पाऊलवाट, आमच्याकडे आत्ता अगदी अशीच ओल आहे गं. भाडेकरू म्हणतात वरून येतंय, वरचे म्हणतात तुमचंच आहे. कसं कळलं तुला पाइप आहे ते?

केशर
आम्ही नात्यातल्यांना दिलं, करार नाही, काही नाही. 2 वर्षं भाडं वाढवायचं तोंडावर येतं आणि गिळते. यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा. दूध उतू जातंय, नंतर येते.

पाऊलवाट
अबोली, रात्री सगळे नळ बंद कर आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढ. सकाळपर्यंत कोणी पाणी वापरायचं नाही. आकडा पुढे गेला तर पाणी येणाऱ्या पाइपात गळती.

रानवारा
पण आकडा तोच राहिला म्हणजे सुटलो असं नाही हं. सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाणी जायचं तोंड, बंद करून बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवायचं आणि भिंतीला रंग उतरतो का बघायचं.

दूरचा_दिवा
मी भाडेकरू, चालेल ना? मालकांकडे एक चावी असते, न सांगता येतात. एकदा मी आंघोळीला होते, बाहेर आले तर स्वयंपाकघरात उभे. गळती बघायला आले होते, हेतू चांगला असेल, पण त्या दिवसापासून आतून कडी लावते. कृपया आदल्या दिवशी फोन करा.

पाऊलवाट
बरं झालं लिहिलंस. हे मी पण केलंय, आणि तेव्हा त्यात काही चूक वाटली नव्हती.

मधुरा
केशर, नात्यात बोलायचं ते कागदावरच बोला. आम्ही भाडं, मुदत, दरवर्षीची वाढ, घर सोडण्याची आगाऊ सूचना, दुरुस्ती कोणाची, सगळं लिहिलं. दीर आठवडाभर बोलले नाहीत. आता सगळे निवांत आहेत.

केशर
अगं मधुरा! कित्येक महिन्यांनी दिसलीस. पाय कसा आहे?

मधुरा
काठी सुटली. जिने अजून सावकाश. तुझ्या लेकीची परीक्षा झाली?

केशर
झाली, आता झोपा काढतेय. करार करतेच, आज ह्यांच्याशी बोलते.

गणपुले_मास्तर
रंगाच्या कपातीबद्दल एक. रंग साधारण 6 वर्षं टिकतो असं धरलं आणि भाडेकरू 4 वर्षं राहिले, तर त्यांनी भिंत खरंच खराब केली तरी खर्चाचा तिसरा हिस्साच मागावा. बाकीचा रंग तसाही जुना झालेला असतो. आणि दर भाडेकरूमागे कुलूप बदला. जुन्या चाव्या कोणाकोणाकडे असतात देव जाणे.

पाऊलवाट
कुलूप बदललंय मास्तर. जुडगं मात्र ठेवलंय, त्या पुठ्ठ्यासकट.

अबोली
रात्री 11 ला फोटो काढला, सकाळी 6 ला काढला. आकडा तोच. भाडेकरूंना सांगून ठेवलंय, रविवारी रंगीत पाणी.