दोन पत्त्यांत डाव संपवणारे कॉम्बो (एकत्र वापरायच्या पत्त्यांच्या जोड्या) मित्रांच्या टेबलावर असावेत का?

वडाची सावली:
मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर प्रकार आम्ही चौघं दर शनिवारी खेळतो. शंभर पत्त्यांचा डेक (प्रत्येकाचा स्वतःचा गठ्ठा), प्रत्येकाला ४० लाइफ, ते शून्यावर आलं की हार. गेल्या शनिवारी पाचव्याच टर्नला एकाने थासाज ऑरॅकल हा प्राण्याचा पत्ता उतरवला, तिच्यावर डिमॉनिक कन्सल्टेशन हा मंत्राचा पत्ता खेळला आणि डाव खलास. खर्च तीन मॅना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी रंगीत शक्ती. मी तीन आठवडे खपून ड्रॅगनचा डेक बांधला होता, एकही ड्रॅगन टेबलावर आला नाही. ४० लाइफशी ज्या जोडीला काही देणंघेणंच नाही, ती घरच्या खेळात नको.

उलटा पत्ता:
अजिबात पटलं नाही. कन्सल्टेशन १९९५ चं कार्ड. एका पत्त्याचं नाव घ्यायचं, वरचे सहा पत्ते बाद, मग तो पत्ता निघेपर्यंत उघडलेला प्रत्येक पत्ता बाद. डेकमध्ये नसलेलं नाव घेतलं तर अख्खी लायब्ररी (ओढायच्या पत्त्यांचा गठ्ठा) साफ, म्हणजे पुढचा पत्ता ओढताना हार ठरलेली. २०२० मध्ये ऑरॅकल आली आणि तीच रिकामी लायब्ररी विजय झाली! पंचवीस वर्षांच्या अंतराने छापलेले दोन पत्ते असे जुळतात, याचसाठी मी हा खेळ खेळतो. तुमच्याकडे उत्तर नव्हतं, हा कॉम्बोचा दोष कसा?

वडाची सावली:
उत्तर होतं. हातात समोरचा प्राणी डावातून काढणारं स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स, एक पांढरा मॅना मोकळा. ऑरॅकल तिथल्या तिथे उचलली. तरी तो जिंकला.

तिसरी चाल:
खरा मुद्दा इथे आहे. ऑरॅकल उतरली की तिची क्षमता स्टॅकवर, म्हणजे अंमलात यायची वाट बघणाऱ्या रांगेत जाते. त्यावर कन्सल्टेशन येतं. शेवटी आलेलं आधी सुटतं, म्हणजे अंमलात येतं, म्हणून लायब्ररी आधी रिकामी होते. मग ऑरॅकल बघते, तुमची निळ्या रंगावरची भक्ती (टेबलावरच्या तुमच्या पत्त्यांच्या खर्चातली निळी चिन्हं) लायब्ररीतल्या पत्त्यांइतकी किंवा जास्त आहे का? असेल तर तुम्ही जिंकलात. ऑरॅकल गेली, भक्ती शून्य. पत्तेही शून्य. शून्याला शून्य पुरतं.

आता स्प्लिंटर ट्विन हा दुसऱ्या पत्त्यावर चढवायचा पत्ता घ्या. डिसीव्हर एक्झार्क या प्राण्यावर ते चढवलं की एक्झार्क टॅप होऊन (आडवा पडून, म्हणजे वापरला जाऊन) स्वतःची नक्कल करतो, नक्कल येताच मूळ एक्झार्कला अनटॅप (पुन्हा सरळ) करते, आणि हे हवं तितक्या वेळा; नकलांच्या त्या फौजेच्या हल्ल्याने डाव संपतो. मॉडर्न या दुसऱ्या खेळप्रकारात २०१६ ला यावर बंदी आली, २०२४ च्या डिसेंबरात उठली. पण ट्विन स्टॅकवर असताना एक्झार्क उचलला तर ट्विनही कचऱ्यात, दोन्ही पत्ते गेले. लाइटनिंग बोल्ट या पत्त्याचे तीन डॅमेज मात्र पुरत नाहीत, एक्झार्कची टफनेस (मरायला लागणारं डॅमेज) चार आहे. समोरच्याकडे मॅना मोकळा दिसला की ट्विनवाल्यालाही घाम फुटतो. पत्ते दोन की चार हे मोजू नका, साध्या उत्तराला जागा उरते का ते बघा.

उलटा पत्ता:
जागा ऑरॅकललाही आहे. कन्सल्टेशन काउंटर करा, म्हणजे सुटायच्या आत रद्द करा. स्टायफल नावाच्या पत्त्याने ऑरॅकलची क्षमताच मारा. किंवा लायब्ररी रिकामी होऊ द्या आणि ऑरॅकलची क्षमता सुटायच्या आत त्यालाच एक पत्ता ओढायला लावा. तो तिथेच हरतो. हा क्षण मी एकदा पाहिलाय, टेबलावरचे चौघेही उभे राहिले होते.

वडाची सावली:
ही जवळजवळ सगळी निळी उत्तरं झाली. माझा डेक लाल-पांढरा, निळे पत्ते त्यात नाहीत. स्वोर्ड्ससारखं उत्तम कार्ड योग्य वेळी हातात असूनही निरुपयोगी ठरतं, तेव्हा मी तिथे फक्त बसून असतो. खेळ काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीने २०२५ मध्ये कमांडरसाठी गेम चेंजर, म्हणजे डाव फिरवणाऱ्या कार्डांची यादी काढली, ऑरॅकल त्यात आहे, ते उगाच नाही. तिसरी चाल यांचं म्हणणं मला मान्य. ट्विन खुशाल आणा, मी एक पांढरा मॅना मोकळा ठेवून बसेन. ऑरॅकलबद्दल शनिवारी पत्ते पिसायच्या आधीच बोलणार आहे.