चोंगचिंगमधली रंगवलेली गल्ली: रविवार घालवावा का?

चाकणचा_फिटर
पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाने चीनमधल्या चोंगचिंगला जातोय. डाय बघायच्या, ट्रायल घ्यायची, परत यायचं. मधला रविवार मोकळा मिळतोय. तिथे हुआंगजुएपिंग नावाच्या भागात अख्खा रस्ता इमारतींसकट रंगवलाय, असं एका व्हिडिओत पाहिलं. खरंच बघण्यासारखं आहे की नुसतं रीलपुरतं? बरोबरचे दोघे मॉलला जाऊ म्हणतायत. कुणी गेलंय का?

पुणेरी_खवचट
उड्डाणपुलाच्या खांबांवर महापालिकेने काढलेली फुलपाखरं पाहिलीत ना? तेच, फक्त सात मजली. मॉलला जा, एसी तरी मिळेल.

नांदेडचा_डॉक्टर
खवचटराव अर्धे बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितो.

2011 ते 2016 मी चोंगचिंगला एमबीबीएस केलं. राहायला युआनजियागांगला होतो. तिथून दोन नंबरच्या मोनोरेलने दुसरं स्टेशन यांगजियापिंग, आणि पुढे बस. (लिझिबाला इमारतीच्या पोटातून जाते ती हीच मोनोरेल. तुमचे मॉलवाले मित्र तिचा फोटो काढणारच.)

रंगवलेला पट्टा रेल्वे हॉस्पिटलपासून 501 नावाच्या जुन्या गोदामापर्यंत, साधारण सव्वा किलोमीटर. त्या गोदामात आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. 2007 मध्ये 37 इमारती रंगवल्या. कलाकार, विद्यार्थी आणि रोजंदारीचे रंगारी धरून आठशेच्या वर माणसं लागली होती. ग्राफिटी म्हटलं की रात्री चोरून भिंत रंगवणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. इथे सगळं परांची बांधून, सरकारच्या मंजुरीने. सिचुआन ललित कला संस्था त्याच रस्त्यावर आहे आणि तिचा मोठा पसारा त्याच सुमाराला शहराबाहेरच्या विद्यापीठनगरीत हलत होता. विद्यार्थी गेले तर मागे राहणाऱ्या दुकानदारांनी खायचं काय? माझ्या मते रंगाचा डबा उघडला तो या काळजीने.

सगळे विद्यार्थी काही गेले नाहीत म्हणा. आपल्या लातूरला जसे क्लासेस, तसे तिथे चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेचे क्लासेस. सोळा-सतरा वर्षांची पोरं ग्रॅफाइटने काळ्या झालेल्या हातांनी रस्त्यावर नूडल्स खात असायची. दिवसभर तेच प्लास्टरचं डोकं काढायचं, संध्याकाळी खोडायचं. बारावीला मीही डोकं असंच झिजवलं होतं, त्यामुळे त्यांची मला फार माया वाटायची.

आता भिंती. मी गेलो तेव्हा रंग बरेच उडाले होते. एका इमारतीवर मोठा जबडा काढलेला आणि त्याच्या बरोबर दातांत चौथ्या मजल्यावरच्या आजींची बाल्कनी. लोखंडी जाळी, एसीचा डबा, वाळत घातलेल्या चड्ड्या. खाली भाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा मोडक्यातोडक्या चिनीत विचारलं, हे चित्र आवडतं का? म्हणाल्या, "मी तर आत राहते. समोरच्याला विचार." रंगवताना कुणी विचारलं होतं का, तर हसून म्हणाल्या, "याओदे." चोंगचिंगचं हे 'याओदे' म्हणजे आपलं 'बरंय की'. होकार, वैताग, निरोप, सगळं त्यातच.

म्हणून मला त्याला 'लोकांची कला' म्हणवत नाही. ती लोकांच्या भिंतीवरची कला. लोकांची पाहायची असेल तर त्याच रस्त्यावर जियाओतोंग चहाघर शोधा. जियाओतोंग म्हणजे वाहतूक. 1987 पासूनचं आहे आणि बोळ इतका अरुंद की मी दोनदा पुढे निघून गेलो होतो. आत लाकडी बाकं, काळपट तुळया, कौलांतल्या काचांमधून पडणारे उजेडाचे पट्टे आणि त्यांत सिगारेटचा धूर. म्हातारे लांबट, अरुंद पत्ते खेळत बसलेले. बांबूवर ओझी वाहणारे हमाल, तिकडे त्यांना 'बांगबांग' म्हणतात, तेही दोन-तीन युआनचा चहा घेऊन तासन् तास बसायचे.

छेन आनजियान नावाचे चित्रकार, त्याच कला संस्थेतले शिक्षक, वर्षानुवर्षं याच गिऱ्हाइकांची चित्रं काढत आले. चहाघर बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचे पैसे घालून ते चालू ठेवलं. तिथल्या भिंतींना कुणी रंग लावला नाही. मला त्या सव्वा किलोमीटरपेक्षा हे मोठं काम वाटतं.

जवळच वीज केंद्राच्या दोन चिमण्या आहेत, 240 मीटर उंच. मी आलो तेव्हा धूर ओकायच्या. 2014 ला केंद्र बंद झालं, चिमण्या तशाच ठेवल्या.

भिंतीवरचा_माणूस
डॉक्टरसाहेब, मी शाळा-अंगणवाड्यांच्या भिंती रंगवतो. चार वर्षांत रंग उडाला म्हणजे खालचा थर कच्चा असणार, किंवा भिंतीत ओल. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत पोपडे येतात, मग सरपंच मलाच फोन करतात. तिथे डागडुजी कोण करायचं?

नांदेडचा_डॉक्टर
खालचे मजले दुकानदार रंगवून घेत, पण आपल्या पाटीच्या रंगात, चित्राच्या नव्हे. एका वाघाचे पाय असेच निळे झाले होते. ओल तर आहेच, धुक्याचं शहर आहे. तिथे माझे कपडे वाळायला तीन दिवस लागायचे.

पुणेरी_खवचट
निळ्या पायांचा वाघ असेल तर मी शब्द मागे घेतो.

चाकणचा_फिटर
ठरलं, मॉल रद्द. चहाघरात चिनी न येता निभेल का?

नांदेडचा_डॉक्टर
निभेल. बोटाने कप दाखवायचा. झाकणाचा कप असतो. झाकण काढून ठेवलं की किटलीवाला येऊन गरम पाणी ओततो. नको असेल तर झाकून ठेवा. मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. झाकण उघडंच ठेवून मी सहा कप प्यालो, आणि त्या गल्लीतलं सार्वजनिक शौचालय कुठल्या चित्राखाली आहे तेही त्याच दिवशी कळलं.