साडेतीन वर्षांची नात, दोन वर्षांचा नातू आणि थीम पार्कची सहल: दिवस कसे आखावेत?

मीराआजी

नमस्कार. तीन महिन्यांनी आम्ही सहा जण थीम पार्कच्या सहलीला निघतोय: लेक, जावई, त्यांची दोन पिल्लं आणि आम्ही दोघं. नात तेव्हा 3 वर्षं 5 महिन्यांची असेल. नातू जाताना 23 महिन्यांचा, त्याचा दुसरा वाढदिवस तिथेच येतो. बहुधा फ्लोरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंगडम आणि त्याच्या आसपासची पार्क्स. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

जावयांनी फार हौसेनं आखणी केली आहे. सलग पाच दिवस पार्क, सकाळी दार उघडायच्या आधी हजर आणि रात्री आतषबाजी बघून परत. तासातासाचे रकाने भरलेत. तो तक्ता पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. नात दुपारी एकला झोपते. एखाद्या दिवशी झोप हुकली की चारनंतर तिला कशानेच बरं वाटत नाही, आणि रात्रीही ती दचकून उठते. नातू नुकताच धावायला शिकलाय, बाबागाडीत बसवलं की कमान करून बाहेर निसटतो. माझे गुडघे सलग दोन तास उभं राहू देत नाहीत, ह्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत.

मी काही बोलले तर आजीला यायचंच नाही असं वाटेल, ही भीती आहे. मला यायचंय, अगदी मनापासून. ही दोघं एवढी लहान पुन्हा असणार नाहीत.

ज्यांनी इतक्या लहान मुलांना घेऊन अशी सहल केली आहे त्यांनी सांगावं: रोज पार्कात जावं का? दुपारच्या झोपेचं काय करावं? तिथल्या राइड्सना, म्हणजे पाळणे-गाड्यांना, उंचीची अट असते, त्यामुळे नातीला त्यांत कितपत बसता येईल? आणि आम्ही दोघांनी नेमकं काय करावं, म्हणजे आमचं ओझं होणार नाही?

आर्यनचा बाबा

आजी, तिकिटं काढायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या, कारण त्या नंतर दुरुस्त करायला महाग पडतात.

पहिली विमानाची. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेता येतं. पण परतीच्या दिवशी नातवाला दोन पूर्ण झालेली असतील, म्हणजे त्या विमानात त्याला स्वतःची सीट लागेल. जातानाही सीट घेतलीत तर माझ्या मते उत्तमच. लांबच्या प्रवासात धावरं मूल मांडीवर म्हणजे सगळ्यांचेच हाल. दुसरी पार्कच्या तिकिटाची. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत 3 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तेव्हा नातू फुकट आणि नातीचं काढावं लागेल.

बाबागाडी स्वतःची नेणार असाल तर मोजून घ्या. तिथे 79 सेंमी रुंद आणि 132 सेंमी लांब एवढीच मर्यादा आहे, शेजारी शेजारी दोन सीट असलेल्या काही गाड्या त्यात बसत नाहीत. आणि दांड्याला भडक रंगाचं काहीतरी बांधा. राइडमधून बाहेर आल्यावर गाडी ठेवलेल्या जागी सापडतेच असं नाही, कर्मचारी गाड्या सरकवून ओळी नीट लावतात. आम्ही काळ्या गाड्यांच्या रांगेत आमची काळी गाडी शोधत फिरलो होतो, कडेवर झोपलेलं पोर घेऊन.

कुसुमताई

मीराताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची मीच आठवले. आम्ही दोनदा गेलो आहोत. पहिल्यांदा नातू अडीच वर्षांचा आणि नात चारची होती. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, दुसऱ्या पार्कात. पहिली सहल तुमच्या जावयांच्या तक्त्यासारखी केली, दुसरी निम्म्या वेगानं. मुलांना आठवते ती दुसरी.

रोज पार्कात जाऊ नका. पाच दिवसांपैकी तीन दिवस पार्क पुरे, आणि मधला एक दिवस पूर्ण मोकळा. त्या दिवशी मुलं मुक्कामाच्या जागी पोहतील, पलंगावर उड्या मारतील, खिडकीतून बस मोजतील. लहान मुलाला आदल्या दिवशी पाहिलेलं पचवायलाही वेळ लागतो. आमची नात मोकळ्या दिवशी सकाळपासून उशांची बोट करून आम्हाला एकेक करून बसवत होती. तिची राइड तिथे चालू होती.

आता झोप. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली लहान मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलं त्यात 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप सांगितली आहे, दुपारची धरून. जावयांच्या तक्त्यात रात्रीची आतषबाजी, परतीचा प्रवास आणि सकाळचा गजर यांच्यामध्ये किती तास उरतात ते त्यांच्याच शेजारी बसून मोजा. वाद घालावा लागणार नाही, आकडाच बोलेल.

आम्ही दुसऱ्या वेळी असं केलं: दार उघडताना आत, साडेअकराला बाहेर. सकाळचे ते पहिले दोन तास सोन्यासारखे असतात. रांगा लहान, ऊन कमी, मुलं ताजी. साडेअकराला मुलं रडत नसतानाच निघायचं, हे अवघड जातं, कारण सगळं छान चाललेलं असतं. पण रडू लागल्यावर निघालात तर दारापर्यंतची वाट संपता संपत नाही. खोलीवर पडदे ओढून रोजच्यासारखं झोपवायचं. बाबागाडीत लागलेली डुलकी गोंगाटात वीस मिनिटांत मोडते आणि मग ना झोप ना जाग. पुन्हा जायचं तर साडेचारनंतर, तेही मुलांचा कल बघून. म्हणूनच मुक्काम दाराच्या जितका जवळ मिळेल तितका घ्या. दुसऱ्या कशात काटकसर करा, यात नको.

उंचीबद्दल मनापासून सांगते, कारण आम्ही ही चूक केली. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि कर्मचारी तिथे मूल उभं करून बघतात. आमच्या नातीला आठवडाभर एका राइडचं नाव सांगून ठेवलं होतं, ती झोपेतही तेच बोलायची. पट्टीपाशी उभी राहिली, टाचा उचलल्या, मान ताणली. बोटभर कमी पडली. तिथल्या कर्मचारी मुलीनं फार प्रेमानं 'नाही' म्हटलं, पण नात तिथेच खाली बसली आणि बुटाचे बंद सोडू लागली, जणू बूट काढून दिले की आत घेतील. ते बघवलं नाही मला.

तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला उभं करा, पायात तेच बूट घालून, आणि पेन्सिलीनं खूण करा. मॅजिक किंगडममध्ये बार्नस्टॉर्मरला 89 सेंमी लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला 97, स्पेस माउंटनला 112. जिथे बसता येणार नाही त्या राइडचं नावच काढू नका. डंबो, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, फिरते घोडे यांना उंचीची अट नाही. स्मॉल वर्ल्डची बोट मुळात 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केली होती, आणि मॅजिक किंगडममधला घोड्यांचा पाळणा 1917 सालचा आहे. घोडा वरखाली होतो म्हणून नातवाला धाक वाटला तर काही बिघडत नाही. त्याला धरून शेजारी उभं राहा, नाहीतर बाहेरून टाळ्या वाजवा.

आणखी एक, कार्टूनचा वेष घालून फिरणाऱ्या, मोठाल्या डोक्यांच्या पात्रांबद्दल. आमच्या नातवाला अशाच एका पात्राचं कापडी बाहुलं उशाशी लागायचं, म्हणून चाळीस मिनिटं रांगेत उभं राहिलो. समोर आल्यावर एवढं मोठं डोकं, न हलणारे डोळे आणि तोंडातून आवाज नाही! तो माझ्या खांद्यावर चढला, मानेत नखं रुतवली. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, हस ना रे, फोटो काढायचाय. तीन रात्री तो ओरडून उठला. मला आजही वाईट वाटतं त्याचं. पुढच्या सहलीत दहा-पंधरा हात लांब थांबलो, पुढे जा म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या पदराआडून हात हलवला. पात्रानंही हलवला. त्याला तेवढं पुरलं.

आता तुमचं दोघांचं काय करायचं. मागे थांबायचं! ही जागा कमी प्रतीची समजू नका. डिस्नेच्या पार्कांत रायडर स्विच म्हणून सोय आहे: लहान मूल बसू शकत नसेल तर एक मोठं माणूस त्याच्याजवळ थांबतं, पहिले बाहेर आले की दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. ती लेक-जावयांना वापरू दे. पण तुम्ही असाल तर दोघं एकत्रही बसू शकतील. लग्नानंतर, दोन मुलांनंतर त्या दोघांना हातात हात घालून ओरडायला कधी मिळालं असेल?

तुम्ही मात्र बाकावर बसून काय बघाल ते ऐका. दुसऱ्या पार्कात एका चौकात जमिनीतल्या भोकांतून पाण्याच्या बारीक धारा उडत होत्या. नातवानं एका भोकावर पाय ठेवला, धार थांबली. पाय उचलला, धार आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. पुन्हा ठेवला. हे पन्नास मिनिटं चाललं. शेवटी शेवटी तो पाय उचलायच्या आधी माझ्याकडे बघून थांबायचा, मी 'सोड' म्हटलं की सोडायचा. तेवढ्या वेळात त्याच्या आईबाबांच्या दोन राइड झाल्या. कोरडे कपडे दोन जोड जवळ ठेवा, एवढं नक्की सांगेन.

वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचे की त्यांच्या मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये फिरत्या घोड्यांवर बसायच्या आणि ते बाकावर बसून बघायचे, तेव्हा मोठ्यांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी जागा हवी हे त्यांच्या मनात आलं. पुढे 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं. आमच्या ह्यांनी हे वाचल्यापासून ते बाक सोडायला तयार नसतात.

निवृत्त परिचारिका

कुसुमताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, म्हणून तब्येतीपुरतं थोडं लिहिते.

विमान वर चढताना आणि विशेषतः खाली उतरताना नातवाला काहीतरी गिळत ठेवा: दूध, पाणी, चोखणी. गिळल्यानं कानाचा दडा सुटतो. उतरताना तो झोपला असेल तर वेळेवर जागं करा.

आतषबाजी बघणार असाल तर दोघांसाठी कान झाकणारे मफ घ्या आणि घरी आठवडाभर आधी खेळता खेळता घालायची सवय लावा. ऐनवेळी घातलेले मफ लहान मूल ओढून काढतं. आवाजानं घाबरलं तर लांबून, खोलीच्या खिडकीतून बघितलेली आतषबाजीही त्या वयाला पुरते.

मनगटाला पट्टी बांधा, त्यावर आईवडिलांचा फोन नंबर. रोज सकाळी निघताना प्रत्येक मुलाचा एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवशी अंगात काय कपडे होते ते सांगताना गोंधळ होत नाही. गर्दीत शिरताना एका मुलावर एकाच माणसाचं नाव ठेवा आणि बदलताना तोंडानं म्हणा: 'आता ती माझ्याकडे.' चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे.

डिस्नेच्या पार्कांत बाळांसाठी वेगळी जागा असते: अंगावर पाजायची खोली, डायपर बदलायची सोय, बसायला शांतता. पहिल्या दिवशी आत गेल्यावर आधी ती जागा बघून ठेवा.

आजोबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. राइडच्या दाराशी रक्तदाब, हृदय, पाठ, मान यांबद्दल सूचना लिहिलेली असते, ती वाचूनच बसायचं. आणि मीराताई, गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची पार्कात भाड्यानं मिळते. संकोच करू नका. नातवाला मांडीवर घेऊन बसलात तर बाबागाडीतून निसटणारा तो कदाचित तिथे टिकेलही.

मीराआजी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर जावयांशी बोलले. तक्ता बाजूला न सारता त्यांच्या शेजारी बसून झोपेचे तास मोजले. नातीचे दिवसाला साडेसात निघाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले, 'आई, हे असं नाही चालणार.' मागे थांबायचं म्हटल्यावर लेकीचे डोळे भरून आले. चार वर्षांत ती दोघं कुठेच एकटी गेलेली नाहीत.

आता तीन दिवस पार्क, मधे दोन दिवस मोकळे. दुपारचे सगळे रकाने पुसले. नातवाची सीट दोन्ही वेळा घ्यायची ठरली.

आज सकाळी नातीला बूट घालून चौकटीला उभं केलं. 96 सेंमी. 97 ला बोटभरही नाही, नखाएवढं कमी. तीन महिन्यांत वाढेलही. पण माइन ट्रेनचं नाव घरात कोणी काढायचं नाही, असं सगळ्यांना बजावलंय. खूण केल्यावर तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली, मला चौकटीला उभं केलं आणि हात पोचेल तिथे, माझ्या कमरेपाशी, एक रेघ ओढली. म्हणाली, 'आजी, तू पण बसशील.'