मदत हवी आहे: माकोतो हासेबेवर लेख लिहितोय, पण तो खरंच किती पॉप्युलर आहे?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमच्या तालमीची स्मरणिका निघतेय, त्यात परदेशी फुटबॉलरवरचा लेख माझ्याकडे आलाय. मी जपानचा माकोतो हासेबे घेतो म्हटलं तर पोरं विचारतात हा कोण? जपानीच पाहिजे तर कागावा घे, होंडा घे, नाहीतर ब्रायटनचा मितोमा घे म्हणे.

आता कागावा मँचेस्टर युनायटेडकडून खेळला, 2013 ला नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक मारली, होंडाने मिलानची 10 नंबर जर्सी घातली आणि 2010, 2014, 2018 अशा तिन्ही वर्ल्डकपला गोल केले, मग ती नावं तोंडात असणारच. पण त्या तिन्ही वर्ल्डकपला जपानचा कॅप्टन हासेबे होता हो! देशाकडून 114 मॅच आणि गोल फक्त 2. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे, गोल नाहीत म्हणजे मोबाईलवर फिरवायला क्लिप नाही, आणि त्याचं काम काय तर बॉल कुठे येणार हे आधी ओळखून तिथे उभं राहायचं, ते कोण शेअर करणार.

जर्मनीत बघा. 2008 ला वोल्फ्सबुर्ग क्लबला गेला, पुढच्याच वर्षी ते बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची टॉपची लीग, जिंकले. एकदा होफेनहाइमविरुद्ध गोलकीपरला रेड कार्ड मिळालं, बदली खेळाडू संपलेले, तर हा ग्लोव्हज घालून गोलमध्ये! मग फ्रँकफर्ट क्लबला 2014 ते 2024. मूळचा मिडफिल्डर, तिशी उलटल्यावर कोच कोवाचने त्याला डिफेन्समध्ये शेवटचा माणूस म्हणून मागे घेतला आणि तिथून त्याचं करिअर परत लांबलं. 2022 च्या युरोपा लीग फायनलला फ्रँकफर्टचा डिफेंडर तुता जखमी होऊन बाहेर गेला तेव्हा 38 वर्षांचा हासेबे आत आला, स्कॉटलंडच्या रेंजर्सला पेनल्टीवर हरवून कप फ्रँकफर्टने नेला. बुंडेसलिगात 384 मॅच, कोरियाच्या चा बुम-कुनचा 308 मॅचचा आशियाई रेकॉर्ड त्यानेच मोडला. एवढं असून आपल्याकडे नाव माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर मदत अशी हवी आहे. फ्रँकफर्टला राहणारे कोणी मराठी इथे असतील तर तिथले साधे फॅन त्याच्याबद्दल काय बोलतात ते प्लीज सांगा, स्टेडियममध्ये अनुभवलेलं असेल तर फारच उत्तम. जपानमध्ये असलेल्यांनी एवढं सांगा की ऑफिसात किंवा शेजारी फुटबॉल न बघणाऱ्यांना जपानचा जुना स्टार नाकाता, होंडा, हासेबे यातला पहिला कोण आठवतो? फॉलोअर्सचे आकडे नकोत, ते मी बघू शकतो, मला माणसांचं बोलणं पाहिजे.

शिवाय त्याच्या डिफेन्समधल्या खेळाच्या पूर्ण मॅच, हायलाइट्स नव्हे, अधिकृतपणे कुठे बघायला मिळतील? आमच्या मागच्या फळीतल्या पोरांना दाखवायच्या आहेत, लेख छापला जावो न जावो.